वरची वस्तू

आमच्या घरात तिला कधी कुणी रिव्हॉल्व्हर म्हटले नाही. पिस्तूल तर नाहीच. 'वरची वस्तू' एवढेच तिचे नाव. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी माजघराच्या भिंतीत एक कपाट होते, त्याच्या सर्वांत वरच्या कप्प्यात ती असे, म्हणून वरची. पुढे आम्ही ते घर सोडून कारेलीबागेत राहायला आलो. तिथे ती तिजोरीच्या अगदी तळाशी गेली, तरी नाव वरचीच राहिले. प्रत्येक घराला स्वतःचा असा एक छोटा शब्दकोश असतो. बडोद्याच्या मराठी घरांत तो जरा जाडच, कारण निम्मे शब्द शेजाऱ्यांकडून उसने आणलेले आणि परत करायचे राहून गेलेले. आमची सौ. भाजीवालीशी गुजरातीत घासाघीस करते आणि हिशेब मराठीत पुटपुटते. सीमेवरच्या तुम्हा वाचकांना हे मी नव्याने काय सांगावे!

वस्तू विलायती. नळीवरच्या पट्टीवर कोरलेली अक्षरे भिंगातून वाचता येतात : वेब्ले अँड स्कॉट लिमिटेड. कंपनीचे नाव नेमके एवढेच झाले ते १९०६ साली, तेव्हा वस्तू त्यानंतरची, इतके नक्की. बत्तीस बोअर, सहा घरे. शेजारी बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा इवलासा मुकुट. तिथे १८१३ पासून प्रत्येक नळीत जादा दारू भरून ती उडवून पाहत आणि फुटली नाही तरच शिक्का मारीत. परीक्षेची ही पद्धत आमच्या बोर्डाने अजून तरी स्वीकारलेली नाही.

आजोबा गायकवाड सरकारच्या महसूल खात्यात होते. नवसारी प्रांतात सोनगड-व्यारा बाजूला वहिवाटदाराच्या कचेरीत त्यांची बरीच वर्षे गेली. तालुक्याचा अधिकारी म्हणजे वहिवाटदार आणि प्रांताचा सुभा, ही बडोदे राज्याची भाषा. सोनगड हे तर गायकवाडांचे मूळ ठाणे; तिथून जंगल ओलांडले की आपले नवापूर. वसुलीची रक्कम घेऊन त्या जंगलातून यावे लागे, म्हणून १९३४ साली त्यांनी परवाना काढला आणि ही वस्तू कुणा निवृत्त साहेबाकडून विकत घेतली. तिचा सगळा पराक्रम म्हणजे एकदा एका कोल्ह्यावर झाडलेली गोळी. ती लागली नाही.

खरे तर बडोद्याला दिखाऊ शस्त्रांची परंपरा मोठी. खंडेराव महाराजांनी चांदीच्या तोफा ओतवल्या, मल्हाररावांनी त्यावर ताण करून सोन्याच्या. ज्या शहराने सोन्याची तोफ पाहिली, तिथे एका कारकुनाच्या बत्तीस बोअरचे काय कौतुक! १८७५ साली मल्हाररावांना गादीवरून उतरवले गेले आणि नाशिककडच्या कवळाण्याचा एक मुलगा दत्तक येऊन सयाजीराव झाला. त्यानंतरच्या बडोद्यात मान शाळांचा, ग्रंथालयांचा, कलाभवनाचा. आजोबा त्या बडोद्याचे. त्यांचे खरे हत्यार म्हणजे शिसवी उतरते मेज आणि बोरू. १ मे १९४९ रोजी राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले, कचेरीवरची पाटी बदलली, आणि आजोबांना एकाएकी आपण म्हातारे झाल्यासारखे वाटू लागले, असे दादा सांगत. दादा म्हणजे माझे वडील. परवाना मग त्यांच्या नावावर आला.

दादा ती वस्तू वर्षातून एकदाच खाली काढीत, खंडेनवमीला. पाटावर पांढरे वस्त्र, त्यावर आजोबांचा अडकित्ता, आईची विळी, माझी कंपासपेटी आणि कडेला ती. हळदकुंकू, झेंडूचे फूल, की पुन्हा चामड्याच्या म्यानात आणि म्यान वर. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या शहराप्रमाणे आम्हीही फाफडा-जिलबी खात असू आणि संध्याकाळी आपट्याची पाने वाटीत असू. हात लावायची परवानगी आम्हा मुलांना कधीच नव्हती.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. २००२ च्या मार्चमध्ये शहरात संचारबंदी होती. रात्री दूरवरचा गलबला ऐकू येई, गल्लीतले पुरुष काठ्या घेऊन बसत. दोघेतिघे दादांकडे आले. तुमच्याकडे 'ते' आहे ना, ते घेऊन नुसते ओट्यावर बसा, म्हणाले. दादांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावले. मग तिजोरीची किल्ली कडीतून काढली आणि आईच्या हातात दिली. "मी मागितली तरी देऊ नकोस," म्हणाले. मी म्हटले, "दादा, घरात एक काडतूस नाही. रिकामी वस्तू ती, तिची कसली भीती?" ते म्हणाले, "रिकामी आहे हे तुला ठाऊक, मला ठाऊक. समोरच्याला कुठे ठाऊक आहे?" आई गेली २०११ साली. तोवर ती किल्ली तिच्याच जुडग्यात होती.

दादा २०१९ च्या जानेवारीत गेले. परवाना ज्याचा तो गेला की वस्तू घरात ठेवता येत नाही. रीतसर जमा करावी लागते, आणि वारसाने नव्याने अर्ज करायचा. माझा मुलगा पुण्यात असतो. तो फोनवर म्हणाला, "बाबा, देऊन टाका सरकारला. मुख्याध्यापकाच्या घरात हवंय कशाला ते?" प्रश्न रास्तच होता. अर्जातही तोच प्रश्न होता, शस्त्र कशासाठी हवे? मी लिहिले : वडिलोपार्जित ठेव. चौकशीला आलेल्या अंमलदाराने ते वाचले, भिंतीवरच्या सयाजीरावांच्या तसबिरीकडे पाहिले आणि आणखी काही विचारले नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. तिथे पंचविशीतल्या तरुणांच्या रांगेत मी वही घेऊन बसलो. पहिला नियम : प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे समजूनच हाती घ्यावे. दुसरा : ज्याचा नाश करायचा नाही त्याच्याकडे नळी कधीही वळवू नये. नियम तोंडपाठ केले, जुनी सवय!

दादांची परवान्याची जुनी पुस्तिका चाळताना एक दिसले. काडतुसांच्या खरेदीच्या रकान्यात १९७१ पर्यंत अधूनमधून दहा-वीसच्या नोंदी होत्या. त्यानंतर पाने कोरी. दादा तसे काटकसरी.

दोन वर्षांनी वस्तू ताब्यात आली तेव्हा तिची दशा पाहवेना. चामड्याचे म्यान शोभेला ठीक, पण मुक्कामाला वाईट. चामडे हवेतली ओल शोषून घेते, त्यात कमावतानाची रसायने असतात, आणि पोलाद आत बसून मुकाट्याने गंजते. नळीच्या उजव्या अंगाला म्यानाच्या शिवणीची रेघ जशीच्या तशी गंजात उमटली होती. बिजागरी आखडलेली. वेब्लेची ठेवण अशी की अंगठ्याने खटका दाबला की वस्तू कमरेत मोडते, नळी खाली झुकते आणि चक्राच्या मधून एक चांदणी वर येऊन सहाही टरफले एकदम बाहेर लोटते. आमची चांदणी निम्म्यावर येऊन रुसून बसे.

शस्त्राची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच करावी लागते. कायद्याने दुरुस्ती हा बनवण्या-विकण्याइतकाच परवान्याचा धंदा आहे, आणि ते योग्यच. मला मिळाले ते गृहस्थ सत्तरीचे, चौथ्या पिढीतले. त्यांनी वस्तू उघडली, दिव्याकडे धरून नळीतून पाहिले, चक्र फिरवून कानाशी नेले. "आतून तब्येत चांगली आहे," म्हणाले, "गंज वरवरचा. साहेब, सगळं घासून नव्यानं काळं करून देतो, कोरी दिसेल." नको म्हटले. घासणीच्या चाकावर धरली की कडा गोल होतात, अक्षरे पुसट होतात, मुकुट जातो. मग उरते काय? बत्तीस बोअरचे वेब्ले आता उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातही बनते. कोरेच हवे असेल तर ते आहे.

इथे थोडे विषयांतर. इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रसंग्रहालयात एक बत्तीस बोअरचे कोल्ट पिस्तूल वर्षानुवर्षे इतर हत्यारांत पडून होते. गंजू नये म्हणून त्याला वेळोवेळी काळा रंग फासलेला. काही वर्षांपूर्वी तो रंग खरवडला तेव्हा खालचा क्रमांक वाचता आला, तो जुन्या कागदपत्रांशी जुळला, आणि कळले की हे भगतसिंगांचे पिस्तूल. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरात साँडर्सवर चालले ते. जपण्यासाठी दिलेल्या रंगानेच त्याची ओळख बुजवली होती. आमच्या वस्तूला असला इतिहास नाही, पण अक्षरे शाबूत असावीत हा हट्ट मी त्या गोष्टीवरून धरला. कारागिराने रॉकेल, पातळ तेल आणि अगदी बारीक पोलादी लोकर एवढ्यावर तीन आठवडे काम केले. निळसर काळा मुलामा जिथे टिकला होता तिथे टिकला, जिथे गेला होता तिथे तपकिरी पोलाद स्वच्छ दिसू लागले. चांदणी रुसवा सोडून पूर्ण वर येऊ लागली.

राहिली मूठ.

मुठीच्या दोन्ही अंगांना दोन चिपा असतात, मधून एक आडवा स्क्रू. त्यांना ग्रिप म्हणतात. मूळच्या चिपा कडक रबराच्या, म्हणजे वल्कनाईटच्या. रबरात भरपूर गंधक घालून शिजवले की ते लाकडासारखे टणक होते. तेच आपले एबोनाईट. माझ्या पिढीने शाईच्या पेनांतून ते हाताळले आहे. अंगठ्याने जोरात चोळले की अजून गंधकाचा वास येतो. उन्हात काळ्याचे तपकिरी होणे हा त्याचा स्वभाव. उजवी चीप तशी तपकिरी झालेली, पण अखंड. डावीला मात्र स्क्रूच्या भोकापासून खालच्या टोकापर्यंत तडा. कारागीर म्हणाला, "ही कधीतरी फरशीवर पडलेली आहे, टाचेवर." कधी, ते मला ठाऊक नव्हते.

नव्या चिपा कशाच्या कराव्यात यावर सल्ले पुष्कळ मिळाले. एका स्नेह्याने हस्तिदंत सुचवले, सिनेमात असते तसे. हस्तिदंताच्या व्यापाराला आपल्याकडे बंदी आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ साली दुरुस्ती होऊन आयात दंताची पळवाटही बुजली. सांबरशिंगाचेही तेच. मोत्यासारखे चकाकणारे प्लास्टिक मिळते, पण ते त्या वस्तूला म्हणजे आजोबांना लग्नाच्या बँडमधला कोट चढवल्यासारखे झाले असते. राहता राहिले लाकूड. साग हलका आणि रेषा मोठी, लहान चीप त्यात उठत नाही. बंदुकीच्या दस्त्याला अक्रोड उत्तम, पण तो काश्मीरचा. शिसव जड, गर्द, अंगचाच थोडा तेलकट, म्हणून ओल कमी धरणारा. शिसवच हवा.

आणि शिसव घरात होता. माळ्यावर आमचा पाळणा मोडून ठेवलेला आहे. संखेड्याचा, लाखकाम केलेला, आम्हा दोघा भावंडांचा आणि पुढे माझ्या मुलाचाही. त्याची आडवी दांडी शिसवाची. वाळवीने बाकीचे खाल्ले, दांडी शाबूत. तिच्यातून दोन चिपा सहज निघाल्या असत्या. मला कल्पना इतकी आवडली की मी त्याच रात्री अक्काला फोन केला.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बेळगावला दिलेली. तिची नातवंडे तिच्याशी मराठीत बोलतात आणि आपापसात कन्नडमध्ये भांडतात. मी सगळे सांगितले. पलीकडून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "पाळण्याचं लाकूड त्याला लावायचं नाही."

"अगं, पडूनच आहे ते माळ्यावर."

"पडू दे. चुलीत घाल हवं तर. त्याला नाही लावायचं."

मी कारण विचारले. तिने विचारले, "तडा डावीकडच्या तुकड्याला आहे ना? खालपर्यंत गेलेला?"

मी तिला कोणती चीप ते सांगितलेच नव्हते.

मग तिने सांगितले. ती नऊ वर्षांची होती, मी तीन. खंडेनवमीचीच दुपार. दादा जेवून पडले होते, आई मागीलदारी. पाटावरची वस्तू तिने उचलली. मी त्या पाळण्यात बसून पाय हलवीत होतो. "चोर-पोलीस खेळत होतो रे आपण," अक्का म्हणाली. "तू चोर. मी दोन्ही अंगठ्यांनी घोडा मागे ओढला. जड होता. तुझ्याकडे धरली आणि चाप ओढला. खट् झालं. तू हसलास. पुन्हा म्हणालास. मी पुन्हा घोडा ओढत होते तेवढ्यात आई दारात आली."

आई ओरडली. अक्काच्या हातून वस्तू सुटली आणि शहाबादी फरशीवर आपटली.

"मला कुणी मारलं नाही," अक्का म्हणाली. "रागावलंसुद्धा नाही. दादा उठून आले, त्यांनी ती उचलली, उघडली, आत बघितलं. आणि तिथंच खाली बसले. खूप वेळ. दुसऱ्या दिवशी वरच्या कप्प्यातला गोळ्यांचा डबा घेऊन ते बाहेर गेले, ते रिकामे आले. त्यावर आपल्या घरात कधीच कुणी काही बोललं नाही. मीही नाही. तुझ्या वहिनीलासुद्धा... काय बोलतेय मी, तुझ्या बायकोलासुद्धा नाही सांगितलं."

फोन ठेवल्यावर मी पुस्तिका काढून १९७१ च्या पुढची कोरी पाने पुन्हा पाहिली. त्या दुपारचे मला काही म्हणजे काही आठवत नाही. तीन वर्षांच्या मुलाला आठवणार तरी काय? पण अक्का माझ्या घरी आली की खंडेनवमीला काही ना काही कारण काढून देवळात जाई, हे मात्र आठवते. आणि दादांनी आईच्या हाती किल्ली दिली तेव्हा आईने काही न विचारता ती घट्ट धरली होती, तेही.

दोन दिवसांनी अक्काचाच फोन आला. "आजोबांचं मेज आहे ना अजून? त्याच्या खणाची फळी शिसवाची होती. ती घे." खण मोडकाच होता. फळीच्या आतल्या बाजूला शाईचे डाग आहेत.

संखेडा डभोईवरून पुढे, ओरसंगच्या काठी. खरादी लोकांचे गाव. वस्तू घेऊन जाणे बरोबर नव्हते, आणि जरूरही नव्हती. आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी त्यांच्या घरी बसून मुठीचा सांगाडा प्लायवुडमध्ये हुबेहूब कापून दिला होता. शाळेत हे काम आणायचे नाही एवढी अट मी घातली होती. तो नमुना, जुन्या दोन चिपा आणि फळी घेऊन मी गेलो. म्हाताऱ्या खरादीने चिपा हातात फिरवल्या. "साहेब, आ संघाडानुं काम नथी, आ तो कानसनुं काम छे," म्हणाला. संघाडा म्हणजे लाकूड गोल कातायचे त्यांचे यंत्र. कानस मात्र दोन्ही भाषांत कानसच. मग त्याने विचारले, "कोना हाथ माटे?"

मूठ हाताच्या मापाने करतात. तळव्याशी चीप जाड असली तर नळीचे तोंड एका बाजूला वळते, पातळ असली तर दुसऱ्या. त्याचा प्रश्न धंद्याचाच होता. आजोबांचा हात मला आठवत नाही, दादांचा लांबसडक होता, माझा खडू धरणारा. मी म्हटले, "कोई ना हाथ माटे नहीं. पूजा माटे."

"तो सादुं राखीए," तो म्हणाला.

त्याने कानशीने आकार आणला, मग काचेच्या तुकड्याने खरवडून पृष्ठभाग काढला. जाळीचे कोरीवकाम नाही, लाख नाही. जवसाचे तेल फडक्याने चोळायचे, वाळू द्यायचे, पुन्हा चोळायचे. हे शेवटचे काम मी घरी पंधरा दिवस केले. डाव्या चिपेच्या आतल्या अंगाला, पोलादाला टेकते तिथे, शाईचा एक निळा डाग मी तसाच ठेवायला सांगितला होता. बसवल्यावर तो दिसत नाही. तडकलेली जुनी चीप अक्काने मागून घेतली. ती तिचे काय करणार, हे मी विचारलेले नाही.

या वर्षी खंडेनवमीला अक्का बडोद्याला आली. देवळात गेली नाही. पाट मांडला, अडकित्ता, विळी, माझे शाईचे पेन, नातीचा कॅल्क्युलेटर. वस्तू मी शेवटी ठेवायला घेतली तेव्हा ती जवळ येऊन म्हणाली, "उघडून दाखव." मी नळी भिंतीकडे धरून खटका दाबला. नळी झुकली, चांदणी वर आली. तिने चष्मा लावला, वस्तू तशीच उघडी माझ्या हातात धरायला लावली आणि खिडकीच्या उजेडाकडे वळवून चक्र एकेक घर फिरवीत सहाही घरांतून पलीकडे पाहिले. मग बंद कर म्हणाली, आणि फुलांच्या परडीतले झेंडूचे एक फूल उचलून तिने तिच्यावर ठेवले.